एक हजार ऐंशी ग्रॅम

दादाच्या अक्षरात पहिला आकडा मी लिहिला. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून तुम्ही म्हणालच, की हे सगळं ह्याचंच काम. तर पहिल्या तीन आकड्यांपुरतं तुमचं बरोबर आहे.

मी बोर्ड रंगवतो. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, 'कुत्र्यापासून सावध राहा', जे म्हणाल ते. कुणाचंही अक्षर दोनदा बघितलं की माझा हात तसा वळतो. शाळेत अर्ध्या वर्गाच्या बापांच्या सह्या मीच करायचो. एकदा एका पोराचा खरा बाप येऊन सही करून गेला, तर मास्तरांनी ती खोटी ठरवली. शिंप्याच्या दुकानाशेजारच्या कोऱ्या भिंतीवर मी एकदा दार काढलं होतं, कडीकुलपासकट. पोस्टमन कडी वाजवायला गेला आणि बोटं सोलून घेतली. दादाच्या वहीत एकदा माशी काढली. दादानं तिला चपलेनं तीनदा मारली आणि चौथी मला.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मोटर वाइंडिंगवाला. जळालेल्या पाण्याच्या मोटारी उघडायच्या, करपलेली तार काढायची, नवीन तारेचे वेढे मोजून भरायचे, वरून व्हार्निश ओतून भट्टीत भाजायचं. त्याच्या दुकानात गेलं की त्या व्हार्निशचा वास दोन दिवस कपड्यांना यायचा. दादा डावखुरा. डाव्या हातानं लिहिताना त्याचा तळवा ओल्या शाईवरून फिरायचा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक ओळीवर एक राखाडी फराटा असायचा. वाइंडिंगच्या वहीत पुढून मोटारींचे वेढे आणि मागून रॉकेट.

रॉकेट म्हणजे खरंच रॉकेट. शाळेत असताना दादानं एक केलं होतं, हातभर लांबीचं, दोन टप्प्यांचं. खालचा टप्पा जळून संपला की गळून पडायचा आणि वरचा पेटून पुढे जायचा. तेच रॉकेट त्याला आता सहापट मोठं करायचं होतं. माणसाला पन्नाशीनंतर गुडघे दुखतात, याला हे सुचलं. कापडाच्या गठ्ठ्यातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या, त्यांवर मोटारीच्या तारांवर गुंडाळतात ती काचेच्या धाग्यांची पट्टी गुंडाळली, व्हार्निश लावलं आणि भट्टीत भाजलं. नळी अशी टणटणीत झाली की वाजवली तर घंटा वाजावी. दोन वर्षं हा उद्योग चालला. मग आठ महिन्यांपूर्वी दादा गेला. दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, तेव्हा तो आपल्या फिरत्या खुर्चीत डुलकी काढायचा. त्या दिवशी चार वाजले आणि तो उठला नाही. रॉकेट तसंच राहिलं, छताला दोन दोरांवर टांगलेलं, बिनपंखांचं, बिननाकाचं.

त्यानंतर त्या खुर्चीत वहिनी बसायला लागली.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. पहिल्याच दिवशी मी तिच्या चहात मीठ घातलं. ती तो चहा शांतपणे पूर्ण प्यायली आणि म्हणाली, "छान झालाय, तुझ्यासाठी पण केलाय." माझ्या कपात मिरपूड होती. पुढची तीस-बत्तीस वर्षं ती माझ्यापेक्षा एक पाऊल पुढेच राहिली. दुकानाच्या पावत्या, गिऱ्हाइकांशी बोलणं, सगळं तिच्याकडे. अशी बाई आता सकाळी दुकान उघडायची, काउंटरपुढची जाळी मात्र ओढलेलीच ठेवायची, आणि दिवसभर त्या वहीवर हात ठेवून बसायची. गिऱ्हाईक आलं तर मान हलवायची, नाही म्हणून. जेव म्हटलं तर जेवायची. बाकी नुसतं 'हं'.

तिची मुलगी, माझी पुतणी, दातांच्या कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये काम करते. मी तिला कवळीच म्हणतो. ती मला काका म्हणते, आणि रागावली की पेंटर.

"काका, आई माणसांत नाही रे राहिली," ती एक दिवस म्हणाली. "डॉक्टर म्हणतात तिला कामात गुंतवा. कशात गुंतवू? मोटारीला हात लावत नाही. काहीतरी कर ना तू."

"मी काय करू?"

"इतर वेळी न सांगता करतोस की!"

म्हणून मी केलं. मंगळवारी दुकान उघडायच्या आधी आत गेलो. वहीत दादाचा शेवटचा आकडा होता तो खालच्या टप्प्याच्या लांबीचा. त्याखाली मी लिहिलं, 'पंख, खालचे चार, उंची २७०.' छोट्या रॉकेटचा पंख पंचेचाळीस मिलिमीटरचा, गुणिले सहा. दादाचा तो उजवीकडे कललेला दोन, पोट सुटलेलं शून्य. करंगळीनं वर फराटा ओढला. खोटं सांगत नाही, मजा आली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच मी हसलो, आणि तेही दादाच्या दुकानात, एकटाच.

वहिनीनं वही उघडली. बराच वेळ बघितलं. मग जाळी सरकवून बाहेर आली आणि म्हणाली, "प्लायवूड कुठे मिळतं रे, सहा मिलिमीटरचं?"

कवळीनं माझ्याकडे असं बघितलं, की मला छताकडे बघावं लागलं.

बुधवारी मी वरच्या पंखांचा आकडा लिहिला. गुरुवारी नाकातल्या वजनाचा. तोवर वहिनीनं पंख कापायला घेतले होते. कवळी संध्याकाळी लॅबमधून तिची खोटे दात घासायची ती छोटी मशीन घेऊन यायची आणि पंखांच्या कडा घासायची. "दाढेसारख्या गोल नको," वहिनी म्हणायची, "सुळ्यासारख्या कर." आठ महिन्यांनी घरात कुणीतरी कुणाला टोमणा मारत होतं. मी ठरवलं, झालं आपलं काम, आता हात आवरायचा.

शुक्रवारी वही उघडी होती. माझ्या गुरुवारच्या ओळीवर आडवी रेघ मारली होती.

मी लिहिलं होतं, 'नाकात वजन ३०.' छोट्या रॉकेटच्या नाकात दादानं पाच ग्रॅम मातीची गोळी भरली होती, म्हणजे पाच सक तीस. मी पाटी मोठी करतो तेव्हा असंच करतो, चौकटी आखायच्या आणि अक्षर सहापट करायचं. तो आकडा खोडून खाली लिहिलं होतं, '१०८०.' उजवीकडे कललेलं, पोट सुटलेलं शून्य. वर फराटा.

माझी करंगळी स्वच्छ होती. मी बघितली.

"झकास," मी कवळीला बाजूला घेऊन म्हणालो. "अक्षर जमलंय तुला. पण मला विचारायचं तरी."

"काय जमलंय?"

"एक हजार ऐंशी."

"तेच मी तुला विचारणार होते, पेंटर. तीस लिहिलंस ते समजलं, पण मग खोडून हे कशाला? एक किलोच्या वर नाकात घालायचं?"

मी तिच्या कानांकडे बघितलं. तिला खोटं बोलता येत नाही, बोलली की कान लाल होतात. कान पांढरे होते.

मग तिनंच हिशोब केला. लांबी सहापट झाली, रुंदी सहापट झाली, जाडीही सहापट झाली, म्हणजे वजन सहापट नाही होत, दोनशे सोळा पट होतं. पाच गुणिले दोनशे सोळा, एक हजार ऐंशी. मी आयुष्यभर सपाट अक्षरं मोठी केली. अक्षराला वजन नसतं, त्यामुळे हे मला कधी कळायचं कारणच नव्हतं.

तरी मी म्हटलं, योगायोग. मग आम्ही तपासून बघितलं. रॉकेटची आकृती पुठ्ठ्यावर काढून कापली आणि पट्टीच्या धारेवर तोलली, म्हणजे वारा रॉकेटला कुठे धरेल ते अंदाजानं कळतं. रॉकेटचा स्वतःचा तोल त्याच्या पुढे, नाकाकडे हवा. मागे गेला तर रॉकेट हवेत उलटं फिरतं आणि सोडणाऱ्यांच्याच अंगावर येतं. कवळीनं शिशाचे छर्रे आणले आणि खोट्या दातांच्या हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी रेझिनमध्ये ते नाकात बसवायचं ठरवलं. त्याआधी नुसतेच पिशवीत तीस ग्रॅम भरून नाकात ठेवले आणि त्या जागेच्या थोडं पुढे दोरी बांधून रॉकेट टांगलं. शेपूट धपकन खाली गेलं. एक हजार ऐंशी भरले. रॉकेट दोरीवर हललं, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि आडवं थांबलं. बरोबर जिथे हवं तिथे.

"बघितलंस?" वहिनी म्हणाली. ती आमच्याशी नव्हती बोलत. ती वर, रॉकेटकडे बघून बोलत होती.

लोकांना घाबरवून पोट भरलं असतं तर मी आज बंगल्यात राहिलो असतो. पण स्वतः घाबरायची मला सवय नाही. त्या रात्री मी दिवा लावून झोपलो, आणि बायकोला सांगितलं की डास आहेत.

त्यानंतर आकडे येतच राहिले. रोज एक. पॅराशूटचा घेर. दोरीची लांबी. खालचा टप्पा संपल्यावर वरचा किती वेळानं पेटवायचा, दीड सेकंद. आधी मला वाटलं, बरं झालं, कोण लिहितंय त्याच्याशी मला काय, वहिनी बोलतेय ना. पण हळूहळू ध्यानात आलं की काम पुढे जात नाहीये. सोमवारी चिकटवलेला पंख मंगळवारी घासून काढलेला असायचा. "थोडा तिरपा होता," वहिनी म्हणायची. रंग दिला की तो खरवडायचा. "ह्यांनी अजून रंगाचं काही लिहिलं नाही." दुपारी एक ते चार ती खुर्चीत बसायची, वही मांडीवर, आणि चारला उठून आधी वही बघायची. आकडा आला असला की चेहरा उजळायचा. गिऱ्हाइकाकडे मात्र अजूनही ढुंकून बघत नव्हती.

कवळीनं पहिल्याच आठवड्यात अर्ज केला होता, आणि उडवायची परवानगी आली होती. विमानतळाच्या कार्यालयानं एकच रविवार दिला होता, सकाळी आठ ते दहा, वीटभट्टीमागच्या माळावर. तो हुकला की पुन्हा अर्ज आणि पुन्हा वाट.

"वहिनी, रविवारी सोडायचंय ना?" मी विचारलं.

ती पंखावर हात फिरवत होती. "घाई काय आहे?"

"परवानगी आहे."

"पुन्हा मिळेल." मग थोड्या वेळानं, हळू आवाजात, "उडालं की संपलं ना रे? मग काय लिहितील ते?"

तिथे मला कळलं मी काय करून बसलोय. तिला खड्ड्यातून काढायला मी दोर टाकला होता. तिनं तो दोर धरला, पण वर येईना. खालीच बसून दोर धरून ठेवायचा म्हणत होती. हे असंच राहिलं तर रॉकेट जन्मभर छताला टांगून राहणार आणि त्याच्याखाली वहिनी.

लिहितं कोण ते आधी बघायला हवं होतं. मी दुकानाची पाटी रंगवायला काढली. पाटी दरवाज्याच्या वर, आणि पाटीला लागून हवेसाठीची उघडी झडप. दुपारी दीडला शिडीवर चढलो, हातात ब्रश, आणि झडपेतून आत डोळा लावला. खाली रस्त्यावरून जाणारा एक जण ओरडला, "अहो पेंटर, 'मोटर'चा 'ट' किती वेळ रंगवताय?" मी म्हटलं, "मोठी मोटर आहे."

आत वहिनी झोपली होती. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं. वही मांडीवर. उजवा हात खुर्चीच्या दांडीवर लुळा. आणि डावा हात हलत होता.

वहिनी उजव्या हाताची आहे. डाव्या हातानं तिला भाकरी सुद्धा मोडता येत नाही. तो डावा हात पेन धरून वहीवरून चालला होता, सावकाश, न थांबता, अक्षरावरून तळवा ओढत. एक ओळ झाली. मग हातानं पेन खाली ठेवलं, आडवं, टोपण डावीकडे करून. दादा तसंच ठेवायचा. आणि हात मांडीवर जाऊन निजला, मांजर निजतं तसा.

माझा ब्रश खाली पडला. 'ट' ची शेपटी रस्त्यापर्यंत गेली.

संध्याकाळी कवळीला सांगितलं. ती पंखाची कड घासत राहिली.

"बाबांच्या शेजारी बसून तिनं पंचवीस वर्षं त्यांची वही बघितली," ती शेवटी म्हणाली. "सगळे हिशोब ते मोठ्यानं करायचे. तिच्या कानात गेलं असेल सगळं. झोपेत बाहेर येतंय."

"आणि डावा हात?"

"मला नको विचारू डाव्या हाताचं." तिनं मशीन बंद केली. "सुरुवात तू केलीस. तूच थांबव. तिला सांग, पहिले आकडे मी लिहिले म्हणून."

"मग ती माझं तोंड नाही बघणार."

"नको बघू दे. उठेल तरी."

शुक्रवारी मी गेलो. वहिनी पॅराशूटच्या घड्या घालत होती. मी स्टुलावर बसलो आणि सांगून टाकलं. आयुष्यात एवढं सरळ वाक्य मी बोललो नसेन. "वहिनी, वहीतले पहिले तीन आकडे माझे. दादाचे नाहीत. मी लिहिले, त्याच्या अक्षरात."

ती घडी घालत राहिली. "ठाऊक आहे."

"काय?"

"तुझ्या फराट्याला करंगळीचा वास येतो. रंगाचा. आणि तीस म्हणे!" तिनं जीभ चावली, पण हसू तोंडावर आलंच होतं. "नाकात तीस ग्रॅम! तुझ्याच नाकात जास्त असेल."

"मग... बाकीचे पण—"

"बाकीचे ह्यांचेच." तिनं मान वर केली. "तू त्यांच्या वहीत चुकीचं लिहिलंस. त्यांना ते सहन नाही झालं. म्हणून तर ते आले."

मी तिला सांगू शकलो असतो की तुझाच डावा हात आहे तो, झडपेतून बघितलंय मी. पण तिच्या डोळ्यांत बघून मला कळलं, ती म्हणेल, "मग? हात माझा, लिहिणारे ते." आणि खरं सांगू, मला सुद्धा शपथेवर सांगता आलं नसतं की तसं नाही.

शनिवारी दुपारी मी मागच्या दारानं आत गेलो. वहिनी खुर्चीत झोपलेली, वही मांडीवर, पेन डाव्या हातात. मी समोर स्टुलावर बसलो. बोलायचं कुणाशी, तेच कळेना. शेवटी हाताशीच बोललो.

"दादा, ऐक. मी लिहिलं ते चुकलं, कबूल. चपलेनं मार हवं तर. पण आता पुरे कर. तू रोज एक आकडा देतोस आणि ती रोज एक पंख खरवडते. तुला वाटतं ती रॉकेट बनवतेय? ती तुला खुर्चीत बसवून ठेवतेय. आणि स्वतःही बसतेय. कवळीला आई हवी आहे रे. मला वहिनी हवी आहे. माझ्या चहात मिरपूड घालायला कुणी उरलं नाही." इथे मी थोडा खाकरलो. "उद्या आठ ते दहा आहे. सोड तिला."

हात हलला नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली. भट्टीच्या पत्र्यानं थरथरून आवाज केला. मग पेनाचं टोक कागदाला टेकलं. मी उठून बघितलं नाही. माझी हिंमत नव्हती. मी त्या हाताच्या नखांकडे बघत होतो. नखं वहिनीची होती.

चार वाजता वहिनी जागी झाली. मला बघून दचकली नाही. वही उघडी होती, तिनं वाचलं. मग वही माझ्याकडे वळवली.

'८:४०.'

आणखी काही नाही. वर फराटा.

"सकाळी आठ चाळीस," वहिनी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "ह्यांना घाई आहे." मग बराच वेळ ती त्या आकड्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचे डोळे भरले. आठ महिन्यांत ती रडली नव्हती. मी पाणी आणायला म्हणून उठलो आणि बाहेर उभा राहून स्वतःच प्यायलो.

ती झोपेत माझं ऐकत होती असं तुम्ही म्हणाल. मी सुद्धा तेच म्हणतो. दिवसा.

रविवारी माळावर वारा नव्हता. कवळीनं लोखंडी दांडी जमिनीत रोवली, रॉकेट तिच्यावर सरकवलं. माझ्यापेक्षा उंच, लाल-पांढरं. शेवटी मीच रात्रभर जागून रंगवलं, नाव-बिव काही न घालता. खाली बॅटरी, तिथून पन्नास पावलं लांब वायर, वायरच्या टोकाला दादानं केलेला लाकडी डबा, एक किल्ली आणि एक दारावरच्या घंटीचं बटण. किल्ली वहिनीकडे.

साडेआठ झाले. वहिनी डबा मांडीवर घेऊन घडीच्या खुर्चीत बसली. मी तिच्या शेजारी. आठ पस्तीस. आठ अडतीस.

"वहिनी, किल्ली."

तिनं किल्ली मुठीत धरली होती. मूठ डाव्या हाताची. मी बघितलं. तिनंही बघितलं. खूप वेळ ती स्वतःच्याच मुठीकडे बघत राहिली, कुणी दुसऱ्यानं धरून ठेवावं तशी. मग उजव्या हातानं तिनं ती मूठ उघडली. एक एक बोट उचलून. किल्ली काढून घेतली.

"द्या," ती म्हणाली, कुणाला तरी. "मी करते."

कवळीनं लांबून हात वर केला. वहिनीनं किल्ली फिरवली आणि बटण दाबलं.

आधी काहीच नाही. मग एक फुत्कार, आणि रॉकेट दांडीवरून निघालं तेव्हा छातीत धडकी बसली, इतका तो आवाज. पांढऱ्या धुराचा खांब उभा राहिला. सरळ. केसभर सुद्धा इकडेतिकडे नाही. नाकात एक हजार ऐंशी होते. मग आवाज थांबला. खालचा टप्पा सुटला, उलटापालटा होत मागे पडला आणि त्याचं छत्र उघडलं. वरचा अजून वर जात होता, आगीशिवाय, आवाजाशिवाय, नुसता आधी मिळालेल्या जोरावर. तो दीड सेकंद. मला वाटलं संपलं, विझलं. मी वहिनीकडे बघितलं. ती श्वास धरून होती, तोंड उघडं, आणि ओठ हलत नव्हते, काही मोजत नव्हते.

मग वर एक ठिणगी पेटली. इतकी लांब की आवाज नंतर आला. वरचा टप्पा ठिपका झाला, मग ठिपकाही राहिला नाही.

"गेलं," वहिनी म्हणाली.

चार मिनिटांनी लाल छत्र दिसलं, काटेरी झुडपांच्या पलीकडे उतरताना. कवळी पळत सुटली. मी वहिनीला म्हटलं, "घाल बरं मिरपूड." तिला कळलं नाही मी काय म्हणतोय, पण ती हसली.

सोमवारी तिनं वही कपाटात ठेवली आणि काउंटरपुढची जाळी पूर्ण बाजूला ओढली. दुपारी एकला जेवून मी तिकडे गेलो, पाटीवरचा तो लांबलेला 'ट' आवरायला. आत वहिनी खुर्चीत झोपली होती. मांडीवर काही नव्हतं. मी मागच्या दारानं पाय न वाजवता आत जाऊन स्टुलावर बसलो, का ते मला विचारू नका.

तिचा डावा हात उठला. टेबलावर आला, चाचपडत. तार कापायची पक्कड लागली, ती सोडली. व्हार्निशचा डबा लागला, तो सोडला. बोटं टेबलाच्या कडेनं माझ्यापर्यंत आली आणि थांबली. मग तळवा वर झाला. उघडा. दादा असाच हात पुढे करायचा, मोटारीत डोकं खुपसलेलं असताना, न बघता. पेचकस दे, पेन दे, जे लागेल ते दे. मी नेहमी द्यायचो, कधी पेचकसाच्या जागी केळं.

माझ्या कानावर पेन्सिल होती. देवाशपथ सांगतो, त्यानं काय लिहिलं असतं ते कळायला मी तेव्हा माझं घर लिहून दिलं असतं. हात माझ्यापुढे उघडा होता आणि वाट बघत होता. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसलो. हात वाट बघत राहिला. मीही बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही.

शटरवर कुणीतरी थाप मारली. "आहे का कुणी? मोटर जळलीये हो, घरात पाणी नाही सकाळपासून!"

वहिनी जागी झाली. समोर मी, टेबलावर तिचा हात, उताणा. तिनं तो बघितला, मग मला बघितलं.

"काय रे?"

"काही नाही. घोरत होतीस."

तिनं हात मागे घेतला, पदराला पुसला आणि उठून शटर वर केलं. मोटर बघितली, वास घेतला, नाक मुरडलं. "पूर्ण करपलीये," ती गिऱ्हाइकाला म्हणाली. "गुरुवारी या. आणि दुपारी एक ते चार थाप मारायची नाही, वाचता येतं ना?"